झेब्रावरची गाडी

चारकोपच्या मार्केटसमोर सिग्नल लाल झाला आणि अनिरुद्ध सामंतची पांढरी गाडी नेमकी झेब्रा क्रॉसिंगवर येऊन थांबली. पुढे बाइकवाल्यांचा घोळका, मागे खेटून रिक्षा. चालणाऱ्याने जायचं कुठून?

फुटपाथवर द्रौपदी परब उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे त्याहून जुने आणि हातात ताज्या बोंबलांची पिशवी. घर रस्त्याच्या पलीकडे. त्यांनी काच वाजवली.

"गाडी मागे घे रे बाळा. हे पट्टे आमच्यासाठी असतत."

अनिरुद्ध फोनवर होता. काच खाली करून म्हणाला, "मागे रिक्षा आहे ना मावशी. जरा फिरून जा."

"खयसून फिरू? बोरिवलीवरून?"

काच वर गेली. द्रौपदीबाईंनी शांतपणे मागचं दार उघडलं, आत बसल्या, दार नीट लावून घेतलं आणि सीटवरून पलीकडे सरकू लागल्या.

"अहो, काय करताय?"

"रस्ता ओलांडतंय."

पलीकडचं दार मात्र उघडेना.

"चाइल्ड लॉक आहे त्याला," अनिरुद्ध म्हणाला.

"मेल्या, माझो नातू लग्नाक इलो, आणि माका चाइल्ड लॉक?"

तेवढ्यात सिग्नल सुटला. मागून हॉर्नचा असा कल्ला झाला की अनिरुद्धला गाडी काढावीच लागली. बोंबलांचं पाणी सीटवर ठिबकू लागलं. पुढच्या सिग्नलच्या अलीकडे त्याने गाडी डावीकडे घेतली, उतरून मागचं दार उघडलं.

"उतरा मावशी. प्लीज."

"मी अजून त्याच बाजूक आसंय. आता पलीकडे तूच सोड."

सीटवरचं पाणी बघून तो चालत सोडायला तयार झाला. दोघं तिथल्या झेब्रावर उतरले. अनिरुद्धने ऐटीत हात वर केला. समोरच्या टेम्पोने वेग वाढवला. एका गाडीवाल्याने डोकं बाहेर काढून "अंधा है क्या?" विचारलं. अनिरुद्ध उडी मारून द्रौपदीबाईंच्या मागे लपला.

"हे थांबत का नाहीत?"

"माणसाक कोण भियता? ह्याका भियतत." त्यांनी गळकी पिशवी हात लांब करून पुढे धरली. चकचकीत गाड्या एकामागोमाग करकचून थांबल्या. दोघं पलीकडे पोचले.

अनिरुद्धने कपाळ पुसलं आणि मागे वळून पाहिलं. त्याच्या गाडीपाशी टोइंगवाले आले होते.

"वाट लागली! मावशी, मला परत सोडा ना."

"तू काय लहान आहेस?"

पण तो एक पाय रस्त्यावर टाकी आणि दोन पाय मागे येई. शेवटी द्रौपदीबाईंनी त्याचा हात धरला, पिशवी पुढे केली आणि त्याला गाडीपर्यंत नेलं. टोइंगवाल्यांच्या हातापाया पडून त्याने गाडी सोडवली. द्रौपदीबाई मात्र पुन्हा अलीकडेच.

"बसा," अनिरुद्ध ओशाळून म्हणाला. "यू-टर्न मारून दारात सोडतो."

परतीच्या सिग्नलला त्याने गाडी पट्ट्यांच्या चांगली अलीकडे थांबवली. मागचा रिक्षावाला शिव्या देऊ लागला. मोकळी जागा दिसताच एक बाइकवाला बाजूने घुसला आणि थेट झेब्रावर जाऊन उभा राहिला.

"बघा ना मावशी!" अनिरुद्ध भडकला. "काही लाज आहे का लोकांना?"

आणि त्याने असा काही हॉर्न दाबला की पट्ट्यांवरून चाललेली दोन माणसं पळतच सुटली.