अडुसष्ट किलोचा माणूस

लिफ्टच्या धंद्यात माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. पाटीवर ‘सहा व्यक्ती’ लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ चारशे आठ किलो. मग त्या सहांत पहिलवान असोत की पापडासारखी माणसं असोत. मी लिफ्टा बसवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलेला. लग्नानंतर एकदा सहज कळलं की माझे सासरे बरोबर अडुसष्ट किलोचे आहेत. ना जास्त ना कमी. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला तो तेव्हा पहिल्यांदा.

मी घरजावई. सासूबाईंचं आजारपण सुरू झालं तेव्हा बायकोने पोहण्याच्या तलावावरची नोकरी सोडली, आणि आम्ही दोघं सामान घेऊन तिच्या माहेरी राहायला आलो. आजारपण दोन वर्षं चाललं. सासूबाई गेल्या, आम्ही तिथेच राहिलो. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. सासऱ्यांनी हा ग्रह शांतपणे सोसला. राग आला की ते मला ‘जावईबापू’ म्हणत, एरवी नुसतं ‘अहो’. रंगाच्या कारखान्यात रंग जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि बोलणं हा त्यांना पदार्थात उगाच घातलेल्या जास्तीच्या मिठासारखा प्रकार वाटे.

घर फार गप्प झालं म्हणून बायकोने बीगल जातीचा कुत्रा आणला. तिची समजूत अशी की बीगल लहान असतो, म्हणजे शांत असतो. बीगल रडायला लागला की तीन मजले खाली बाळं जागी होतात, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. घरातल्या प्रत्येक पिशवीची, खिशाची आणि पातेल्याची तो रोज तपासणी करतो म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. सरळ माणसाला आपण नाकासमोर चालणारा म्हणतो. मुकादमही नाकासमोरच चालतो, पण त्याचं नाक सरळ नसतं. ते कचऱ्याच्या डब्याकडे, शेजारणीच्या पिशवीकडे आणि एकदा तर एका परक्या लग्नाच्या गाडीकडे गेलं, आणि साखळी धरून मागून मीही गेलो. त्याचे लांब कान दर आठवड्याला पुसावे लागतात, नाहीतर आत घाण साचून वास मारतो. पोट भरलं म्हणजे काय, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही.

तो सतरा किलोचा झाला तेव्हा जिना चढताना कण्हायला लागला. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि सरळच सांगितलं. याची पाठ लांब, पाय आखूड. वजन बारावर आलं नाही तर मणका दगा देईल आणि मागचे पाय जातील. घरी आल्याआल्या बायकोने बिस्किटांचे सगळे डबे माळ्यावर ठेवले.

तेव्हापासून घरात कायदा लागू झाला. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी, मध्ये उकडलेलं गाजर. ताटातलं कुणी द्यायचं नाही. बायको नुकतीच पुन्हा कामावर जायला लागली होती, पहाटे निघायची ती संध्याकाळी यायची. मीही दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या डोक्यावर. दुपारी घरी बाबा, म्हणजे सासरे, आणि मुकादम दोघंच. बाबांचं ताट ती झाकून ठेवून जायची. संध्याकाळी ताट इतकं चाटूनपुसून स्वच्छ असायचं की ते घासायचंही जिवावर येई. ‘आई गेल्यापासून पहिल्यांदा बाबा पोटभर जेवतोय,’ ती मला म्हणाली.

वजन दर रविवारी न्हाणीघरात. काचेच्या वजनकाट्यावर मुकादम एकटा उभा राहायला तयार नसे, पाय घसरतात म्हणून. उचलून घेऊन उभं राहावं तर माझ्या हातात तो मासळीसारखा वळवळे आणि बायकोच्या हातातून उडी मारे. फक्त बाबांच्या कडेवर तो त्यांच्या खिशाला नाक लावून निवांत पडून राही. तेव्हा रीत अशी ठरली, की बाबांनी त्याला घेऊन उभं राहायचं, आणि जो आकडा येईल त्यातून मी बाबांचे अडुसष्ट वजा करायचे. पहिल्या रविवारी पंच्याऐंशी आले. म्हणजे सतरा. हिशेब चोख.

मग आकडा उतरू लागला. चौऱ्याऐंशी, साडेत्र्याऐंशी, ब्याऐंशी. बायको दर रविवारी न्हाणीघराच्या दारात टाळ्या वाजवायची. मुकादम दिसायला तसाच होता, हे खरं. ती म्हणाली, केस दाट आहेत म्हणून जाड दिसतो. मी म्हणालो, बरोबर आहे. त्याच्या गळ्यातला पट्टा एक भोक सैल करावा लागला तेव्हा मी म्हणालो, आंघोळीने कातडं आकसलंय. बाबांनी एकदा पट्ट्याला भोक पाडायला माझं ड्रिल मागून नेलं. मला वाटलं, मुकादमचा पट्टा आवळायचा असेल. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा उत्साह बघा.

अडीच महिन्यांनी, एका शनिवारी, मी आणि बाबा मुकादमला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. गेल्या रविवारी साडेऐंशी आले होते, म्हणजे साडेबारा, म्हणजे शाबासकी घ्यायलाच चाललो होतो. तिथे जमिनीलगत रबर लावलेला मोठा काटा होता. गाजराच्या तुकड्यासाठी मुकादम त्यावर मुकाट उभा राहिला.

साडेअठरा.

मी डॉक्टरबाईंना सांगितलं की तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी वाद घातला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुम्हीच उभे राहा म्हणाल्या. मी उभा राहिलो. घरच्या काट्यावर येतं तेच वजन आलं. दोन्ही काटे बरोबर आणि उत्तर मात्र सहा किलोनी चुकीचं. लिफ्ट जास्त वजन दाखवते आणि आत कुणीच नसतं, तेव्हा आम्ही तारा तपासतो, स्प्रिंग तपासतो, आणि शेवटी जे कधीच बदलत नाही असं धरून चाललेलो असतो ते तपासतो.

मी बाकाकडे पाहिलं. बाबा साखळीचं टोक धरून बसले होते. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याचं शेपूट वीतभर बाहेर लोंबत होतं. त्यावर माझ्या ड्रिलने पाडलेली दोन भोकं होती.

साडेऐंशीतून साडेअठरा गेले तर बासष्ट उरतात. मी तिथे उभ्याउभ्या ही वजाबाकी दोनदा केली. मला भीती वाटली. ती दाखवायची नाही म्हणून मी डॉक्टरबाईंना कानांविषयी विचारलं. कान उत्तम आहेत, म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मुकादम एका खांबाचा सविस्तर वास घेत उभा राहिला, तेव्हा मी विचारलं. बाबांनी टाळाटाळ केली नाही. घास उतरत नाही म्हणाले. पातळ जातं, पाणी जातं, घास मध्येच अडतो. ताट तसंच राहिलं तर ती विचारणार, म्हणून मुकादमला द्यायचे. तो तर तयारच असायचा.

‘डॉक्टरांना दाखवायचं होतंत.’

‘दाखवलं की ते सांगतात,’ बाबा म्हणाले. ‘मग ती पुन्हा नोकरी सोडणार. आईच्या वेळी दोन वर्षं घरात बसली. आत्ता कुठे पाण्यात उतरलीय पोरगी.’

मला त्यांचा राग आला. पाठीचं दुखणं असलेल्या कुत्र्याला दुपारचं जेवण चारलं म्हणून नाही. स्वतःच्या जिवाशी असा व्यवहार परस्पर उरकला म्हणून. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘मला वाटलं होतं, तुम्ही पहिल्या दोन-तीन रविवारांतच धराल. वजनाचाच धंदा ना तुमचा, जावईबापू.’

मुकादमचं खांबाजवळचं काम संपलं आणि तो आम्हाला ओढत निघाला.

घराच्या कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, ‘तिला सांगू नका.’ मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. घरजावयाला ही कला येते. संध्याकाळी बायकोने डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते विचारलं. कान उत्तम आहेत, मी सांगितलं, आणि वजन उद्या घरी करूच. ती थकून आली होती, केसांना अजून तलावाच्या औषधाचा वास येत होता. एका मुलीला आज पहिल्यांदा पाण्यावर तरंगता आलं हे ती बराच वेळ सांगत राहिली. बाबा ऐकत होते. पुढ्यातल्या वाटीतलं पातळ त्यांनी सगळं संपवलं.

रात्री मला झोप लागली नाही. माणसाचा शब्द राखायचा की माणूस, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला येत होतं. फक्त ते तोंडातून कसं काढायचं ते सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी रीतीप्रमाणे सगळे न्हाणीघरात जमलो. बाबांनी मुकादमला उचललं. उचलताना त्यांना धाप लागली, आणि ती या घरात मला एकट्यालाच ऐकू आली. ते काट्यावर चढले. मुकादमने खिशाला नाक लावलं.

‘किती?’ बायकोने दारातून विचारलं.

मी वाकून आकडा वाचला. ‘ऐंशी.’

‘बारा,’ ती लगेच म्हणाली. ‘बाबा, बारा झाले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तेवढेच.’ ती हसत होती. माळ्यावरून एक तरी बिस्किट काढायला हवं, म्हणत होती. बाबा माझ्याकडे बघत होते.

‘आज अडुसष्ट वजा करू नकोस,’ मी म्हणालो.

‘मग किती करू?’ ती अजून हसतच होती.

बाबांनी मुकादमला हळूच खाली ठेवलं. तो बिस्किटाच्या आशेने थेट स्वयंपाकघराकडे गेला. मला वाटलं, बाबाही उतरतील आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. ते उतरले नाहीत. हात दोन्ही बाजूंना सोडून, समोरच्या फरशीकडे बघत, ते तसेच उभे राहिले. काचेखालचा आकडा हलला आणि थांबला.

बायको पुढे आली, वाकली, आणि तिने तो वाचला. मग तिने बाबांच्या पट्ट्याकडे पाहिलं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तू जेवत होतास ना?’