काखेतला पिवळा डाग

खेळाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी एका वकिलाच्या कोटाची कॉलर उजेडात धरून बघत होते. लाँड्रीत कामाच्या वेळी फोन घेतलेला मालकीणबाईंना खपत नाही, म्हणून चादरींच्या ढिगामागे वाकून बोलले.

"तुमची मुलगी हातच वर करत नाही हो," बाई म्हणाल्या. "उंची आहे, पाय हलके आहेत. महिन्यापूर्वी जाळीपाशी नुसती उभी राहिली तरी समोरच्या पोरी घाबरायच्या. आता चेंडू डोक्यावरून जातो आणि ही कोपरं अंगाला चिकटवून बघत बसते. शुक्रवारी निवड आहे. अशीच खेळली तर मला तिला संघात घेता येणार नाही."

माझं डोकंच फिरलं. बारकीला व्हॉलीबॉलपलीकडे दुनिया नाही. साडेदहा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागली, तरी घरात नाव बारकीच. मोज्यांचा गोळा करून छताला मारते, वरच्या मजल्यावरची माणसं भांडायला येतात. ही पोर हात वर करत नाही म्हणजे काय?

संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, हात दुखतो.

"कुठला?"

"उजवा."

"मग डावा वर कर."

"तोही दुखतो."

दोन्ही हात दुखणारी मुलगी फडताळाच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा डबा मात्र बरोबर काढत होती. फक्त आधी मागे वळून कुणी आहे का ते बघत होती. मला खोटं बोललेलं अजिबात चालत नाही. माझ्या नाकावर माशी बसत नाही असं नवरा म्हणतो, ते काही उगाच नाही. मी बडबड बडबड बडबडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची तक्रार. हे एका मोठ्या कचेरीच्या दारावर असतात. कडक इस्त्रीचा गणवेश आणि डिओचे दोन फवारे, याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. डिओचा डबा कानाशी हलवत न्हाणीघराच्या दारात उभे. "पंधरा दिवसांपूर्वी आणला होता. संपला. मी काय पितो का हा?"

मी धुण्याच्या टोपलीतून बारकीचा खेळाचा टी-शर्ट काढला आणि उलटा केला. दोन्ही काखांत पिवळे, कडक झालेले डाग, कडेला पांढरी रेघ.

आता हे मला कुणी शिकवायला नको. वीस वर्षं मी लोकांचे डाग बघतेय. नुसत्या घामाचा डाग वेगळा, तो मऊ असतो. हा कडक डाग डिओचा, तोही अंगाला न लावता कापडावर मारलेल्या डिओचा. रोज पन्नास शर्टांवर बघते. पण ते शर्ट बाप्यांचे असतात, मिशा फुटलेल्यांचे.

बारकी बुटाची नाडी बांधत होती. मी तो टी-शर्ट तिच्या तोंडापुढे धरला. "हे काय आहे? चोरून बाबांचा सेंट मारतेस? या वयात नट्टापट्टा सुचतोय? कुणाला दाखवायचंय?"

नवरा म्हणाला, "अगं, हळू." मी हळू झाले नाही. तेरा-चौदा वर्षांची झालीस की बघू काय ते, तोवर साबण पुरे, असं ठणकावून सांगितलं. बारकीने नाडीची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय विचारलं होतंस? डबा घेऊ का म्हणून? कधी?"

ती दप्तर उचलून निघून गेली. मला वाटलं, वर तोंड करून बोलते आहे. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारावीशी वाटते.

टी-शर्ट मी कामावर घेऊन गेले. आमच्या घरातला कपडा डाग घेऊन फिरणार नाही, एवढी खुमखुमी होतीच. व्हिनेगरच्या पाण्यात तासभर भिजवला, सोडा चोळून मऊ ब्रश मारला, पाण्यातून काढला. डाग साफ. वाळल्यावर काकांपुढे टाकला. काका आमचे इस्त्रीवाले, माझ्या आधीपासून तिथे आहेत, बोलतात कमी.

त्यांनी वर पातळ फडकं घातलं, इस्त्री टेकवली आणि मान मागे घेतली.

"काय झालं?"

"काही नाही."

"काका, बोला की."

"डाग गेलाय, ताई. वास आत बसलाय. असलं कापड गरम झालं की तो वर येतो." त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली. "मोठ्या माणसाचा घाम आहे हा."

"काहीतरीच! माझ्या मुलीचा आहे तो. साडेदहाची आहे ती."

मी टी-शर्ट ओढून घेतला, नाक खुपसलं. काहीच नाही. नुसतं कोमट कापड. "कुठे येतोय?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मला तर नाही येत!"

काकांनी फळीवरची बाटली काढली. रंगाचे डाग काढायचं ते औषध, ज्याचं झाकण उघडलं की नवीन पोरं खोकत बाहेर पळतात. त्यांनी झाकण काढून बाटली माझ्या नाकाखाली धरली.

"हे?"

मी श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, घसा चरचरला. वास मात्र कसलाच नाही.

"गेल्या वर्षी मागचा पाइप गळत होता," काका म्हणाले. "सगळे नाक धरून बाहेर पळाले. तुम्ही आत बसून बटणं शिवत होतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

माहीत होतं. कमी झालंय हे माहीत होतं. पूर्ण गेलंय हे मी कबूल केलं नव्हतं. आमच्याकडे कपडा घेताना हुंगून घ्यावा लागतो. नाक नाही असं सांगितलं असतं तर मालकीणबाईंनी मला त्या कामावरून उठवून मागे यंत्रांवर पाठवलं असतं. म्हणून मी नुसतं हुंगल्यासारखं करायचे आणि डोळ्यांनी ओळखायचे. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. इतकी सवय झाली की घरीही तेच करायला लागले.

आणि मग मला आठवलं, बारकीने काय विचारलं होतं.

तीनदा विचारलं होतं. एकदा मी भांडी घासत होते, एकदा बसची वाट बघताना, एकदा झोपायच्या आधी. हात वर करून जवळ यायची. "आई, माझा वास येतो का गं?" मी नाक लावायचे, हुंगल्यासारखं करायचे आणि छातीठोक सांगायचे, "छे! काहीतरीच. फुलासारखी आहेस." तिसऱ्या वेळेला तर वर हेही म्हणाले होते, "कुणी काही म्हटलं ना, तर सांग, माझी आई लाँड्रीत आहे. तिच्याइतकं कुणाला कळत नाही."

तिने ते सांगितलं असणार. माझ्या शब्दावर विसंबून वर्गात उभी राहून सांगितलं असणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी गावभरच्या काखा धुतल्या आणि घरातलीच राहिली. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. नाकाचा राग, ते नाक खाल्लेल्या औषधाचा राग, काका वर्षभर गप्प राहिल्याचा राग. "आधी का नाही बोललात?" म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले. काका म्हणाले, "टी-शर्ट द्या इकडे. रात्रभर परत भिजवू. उन्हात वाळला की मी हुंगून सांगतो."

परत येताना औषधांच्या दुकानात थांबले. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, दहाव्या वर्षी डिओ चालतो का. त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे भांडता तरी आलं असतं.

"वयाचा नेम नसतो हो," त्या म्हणाल्या. "कुणाला आठव्या-नवव्या वर्षी लागतो, कुणाला चौदाव्या. घामाला वास यायला लागला, की लावायचा. साधा घ्या, उग्र वासाचा नको. आधी साबणाने धुवायचं, कोरडं पुसायचं, मग थोडासाच, अंगाला लावायचा. आग झाली, पुरळ आलं तर बंद."

दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांत सांगून झालं ते मी कधी सांगितलं नव्हतं, आणि ती बिचारी बाबांचं बघून शर्टावर फवारे मारत होती. वासावर वास चढला असणार. पोरं अजून हसली असणार.

घरी आले. बारकी खिडकीत बसून मोज्यांचा गोळा दाबत होती. मी डिओची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं, की मला वास येत नाही. तुझाच नाही, कुणाचाच नाही. काही वर्षं झाली.

तिला समजायला वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला.

"मग वास नाही, असं का म्हणालीस?"

"चुकलं माझं."

"तीनदा विचारलं मी! तीनदा!" गोळा भिंतीवर आपटला. "मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या आईने बघितलंय, तिला कळतं. मग ते म्हणाले, तुझ्या आईलापण वास येत असेल. मग मी भांडले. तुझ्यासाठी भांडले मी!"

मी उलट बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा, नवरा म्हणाला नंतर. कसं लावायचं ते तिला सांगितलं, आधी धुवायचं, मग कोरडं, मग थोडंसं, शर्टावर नाही, अंगावर. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. न्हाणीघरापाशी मी मागे गेले तर म्हणाली, "तू बाहेर थांब," आणि कडी लावली.

गुरुवारी दुपारी काकांनी टी-शर्टावर इस्त्री टेकवली, वाकून हुंगला आणि मान हलवली. वास गेला.

शुक्रवारी मी मधल्या सुट्टीत तशीच निघाले, कामाचा कोट अंगावर, वाफेने भिजलेली. मैदानाच्या कुंपणापाशी चार-पाच आया उभ्या होत्या. बारकीने सकाळी सगळं नीट केलं होतं, टी-शर्ट स्वच्छ होता. मला वाटलं होतं, आता सुटला प्रश्न.

कुठला सुटतोय! पहिला चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. दुसरा गेला. कोपरं अंगाला शिवल्यासारखी. मागच्या दोन मुली एकमेकींकडे बघून नाकाला हात लावत होत्या, आणि बारकी ते बघत होती. बाटली दोन दिवसांत काम करते, पण महिनाभर ऐकलेलं दोन दिवसांत जात नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या दोघींच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं, खोटं का सांगू.

"शेवटचे तीन चेंडू," बाई ओरडल्या.

मी काय करतेय ते मला कळायच्या आत मी दोन्ही हात आभाळात उचलले होते. "बारकी! हात वर!" बेंबीच्या देठापासून ओरडले. कोटाच्या काखांत हे एवढाले ओले डाग. शेजारची बाई दोन पावलं सरकली. मैदानातली पोरं खो-खो हसायला लागली, त्या दोघी तर वाकून हसत होत्या. मी हात खाली घेतले नाहीत.

बारकीने माझ्याकडे बघितलं. तिला जमिनीने गिळावं असं वाटत होतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग तिने दात आवळले, जाळीकडे वळली, चेंडू आला आणि तिने उडी मारली. दोन्ही हात वर. चेंडू समोरच्या मुलीच्या पायाशी आपटला. दुसराही. तिसरा हुकला, पण हात वर होते.

बाईंनी तिला राखीव खेळाडूंत घेतलं. पहिल्या सहांत नाही. तीन चेंडूंवर महिना भरून निघत नाही, आणि ते माझंच देणं होतं.

बारकी दप्तर फरफटत कुंपणापाशी आली. दोन दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली.

"आई, तुझा केवढा वास येतोय."

"खरंच?"

"खरंच. लांबूनसुद्धा."

"मला कळत नाही," मी म्हणाले. "तूच सांगत जा."

तिने मला नीट खालपासून वरपर्यंत बघितलं.

"घरी गेल्यावर आधी धुवायचं," ती म्हणाली. "मग कोरडं पुसायचं. मग लावायचं. तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हणाले.