लाल दोरा, निळा दोरा

रविवार, १७ फेब्रुवारी १९५७. सकाळी आठ वाजता हिंगणघाटच्या रूपराव देवतळे मास्तरांकडे सात माणसं जमली होती. पाच जण त्यांच्याच हायस्कुलातले शिक्षक होते. सहावे होते गिरणीचे मुख्य इलेक्ट्रिशियन बबनराव. हे सहा जण मधल्या खोलीत सतरंजीवर बसले होते. सातवा माणूस, कवडू थूल, बाहेर ओट्यावर होता.

खरं म्हणजे ज्या वस्तूसाठी सगळे जमले होते ती कवडूनेच बनवली होती.

रूपराव भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्याकडे हौशी बिनतारी केंद्राचा परवाना होता. नागपूरच्या जुन्या बाजारातून त्यांनी लष्कराचा एक सेट आणला होता. बोलणं आणि ऐकणं दोन्ही त्याच एका पेटीत. पण सेटचा आवाज दुबळा. दर रविवारी साडेआठला मद्रासचे राघवन नावाचे निवृत्त इंजिनियर त्यांच्याशी मोर्समध्ये बोलत आणि दोनातून एकदा तरी कळवत, ‘ऐकू येत नाही.’ म्हणून ॲम्प्लिफायर. सेटमधून निघालेली शक्ती त्यात शिरायची, चार मोठ्या वॉल्व्हमधून वाढायची आणि एरियलला जायची. आकृती रूपरावांनी काढली. भंगारातल्या पत्र्याची पेटी, वाइंडिंग आणि झाळकाम कवडूचं. ऑक्टोबरपासून दर रविवारी तो ओट्यावर बसून ते करत होता. मजुरी घेत नव्हता.

त्याला दुसरं काही हवं होतं. गिरणीत तो चौदा वर्षं वायरमनच्या हाताखाली होता. वायरमनचं सगळं काम करायचा, पण कागदोपत्री हमालच. दसऱ्याला नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला आणि परतल्यावर त्याने वायरमनच्या परीक्षेचा अर्ज आणला. अर्जावर ‘उमेदवाराचे काम समाधानकारक आहे’ या ओळीखाली मुख्य इलेक्ट्रिशियनची सही लागायची. अर्ज बुधवारपर्यंत नागपूरला पोचायला हवा होता. बबनराव म्हणाले होते, “रविवारी मास्तरच्या घरी तुहं काम पाहतो. चाललं तं तिथंच सही देतो.”

अर्ज कवडूच्या खिशात होता.

ॲम्प्लिफायरच्या पेटीतून एकाच भोकातून दोन केबल बाहेर येत होत्या. दोन्ही काळ्या, सारख्याच जाडीच्या. एक सेटला जोडायची, दुसरी एरियलला. शनिवारी संध्याकाळी कवडूने एकीला लाल आणि दुसरीला निळा दोरा बांधला आणि पेटी मास्तरांच्या हवाली केली.

“गुरुजी, लाल सेटकडं, निळा एरियलकडं. उलटं नोका करू. ऐकाले दोन्हीकून सारखंच येते, तुमाले समजनार नाई. बटन दाबलं का मंग समजन, अन् तवा वॉल्व्ह गेलेले असतीन.”

“मी शिकवतो रे हे मुलांना,” रूपराव हसून म्हणाले.

पेटी आत नेण्याआधी त्यांच्या आईने, देवकाबाईंनी, नेहमीसारखं तिच्यावर पाणी शिंपडलं. कवडूच्या हातची कुठलीही वस्तू घरात यायची ती अशीच. पेटीत पाणी जाईल म्हणून रूपरावांनी आईला थोपवलं आणि तडजोड म्हणून केबल स्वतः ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. पुसताना दोन्ही दोरे सरकून फडक्यात आले.

कवडू तेव्हा कोपऱ्यापर्यंतही गेला नसेल. हाक मारता आली असती. रविवारी सकाळी तर तो ओट्यावरच होता, खिडकी उघडून विचारता आलं असतं. पण मग दोरे सुटले कसे हे सांगावं लागलं असतं. पेटीचं झाकण काढून वायर कुठे जाते ते पाहता आलं असतं. त्याला बारा स्क्रू होते. सकाळी काढू म्हणून ते राहिलं आणि आठ वाजता पाहुणे आले. रूपरावांनी दोन्ही दोरे अंदाजाने बांधले आणि अंदाजाप्रमाणे केबल जोडल्या.

साडेआठला त्यांनी सेट लावला. राघवनांचे ठिपके आणि रेघा स्पष्ट येत होत्या. मास्तर मंडळींनी माना डोलावल्या. रूपरावांनी ॲम्प्लिफायर चालू करून मोर्सची की दाबली. ऐकण्यावरून पाठवण्यावर नेणारा आतला रिले टक् करून बसला. ते आपल्या केंद्राची निशाणी आणि राघवनांची निशाणी पुन्हापुन्हा पाठवत राहिले. अर्ध्या मिनिटात चारही वॉल्व्हच्या आतले पत्रे आधी तांबूस, मग लालभडक झाले. जळक्या रबराचा वास आला. बबनरावांनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं, तोवर एक काच तडकली होती.

बबनरावांनी पेटी गार होऊ दिली, झाकण काढलं आणि बोटाने वायरीचा माग काढला. सेटमधून येणारी शक्ती पेटीच्या बाहेर पडायच्या तोंडाशी जोडली होती आणि एरियल आत शिरायच्या तोंडाशी. वॉल्व्हना वाढवायला काही मिळालंच नाही. ते रिकामेच तापत राहिले आणि जळाले.

“लाल दोरा भलत्याच वायरीले आहे. जोडणी कोनाची?” बबनरावांनी विचारलं.

सगळे रूपरावांकडे पाहत होते. खोलीत पाच शिक्षक होते आणि गेल्या महिन्यात या पाचांसमोरच त्यांनी ओमच्या नियमावर तास घेऊन दाखवला होता.

“कवडूची,” ते म्हणाले.

बबनराव ओट्यावर गेले. “कारे, दोरे तूच बांधले होते?”

“होजी, मीच बांधले,” कवडू उठून उभा राहत म्हणाला. आत काय झालं हे त्याला माहीत नव्हतं. खिडकी बंद होती. “काऊन, काय झालं?”

“चार वॉल्व्ह गेले. गिरणीत असं केलं असतं तं मानूस गेला असता.” बबनराव चपला घालून निघाले. अर्ज त्यांनी मागितला नाही.

कवडूने हत्यारांची पिशवी उचलली. रूपराव दाराशी आले होते. कवडूने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो निघाला.

दुपारी जेवायला वाढताना देवकाबाई रागावलेल्या होत्या.

“लोकाइपुढं काय बोलला तू? जोडनी कवडूची म्हने! ते समजतीन ना का कवडू आपल्या मधल्या खोलीत येते म्हनून. चार महिने झाले, त्यानं उंबरठ्याच्या आत पाय नाई ठेवला. धरम बदलला म्हनून काय येऊ देल्लं मी? जाऊन सांगून ये त्याइले, तो कधी आत आलाच नाई म्हनून.”

रूपरावांच्या हातातला घास तसाच राहिला. कवडू कधी आत आलाच नाही, हाच तो निर्दोष असल्याचा पुरावा होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर ते बबनरावांकडे गेले. बबनराव अंगणात खाटेवर चहा घेत होते.

“जोडणी कवडूची नव्हती,” रूपराव उभ्या उभ्या म्हणाले. “माझी होती.”

“काल तं कवडूची होती.”

“तो आत आलाच नाही. कधीच आलेला नाही.”

“काऊन?”

रूपराव खादीच्या सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. “आमच्याकडे... म्हणजे आई जुन्या वळणाची.”

“आई जुनी. अन् तुमी कोन आहे मंग त्या घरात, भाडेकरू?” बबनरावांनी कप खाली ठेवला. “तीस जानेवारीले शाळेत अस्पृश्यतेवर भाषन तुमचंच होतं ना? माहं पोट्टं घरी येऊन आख्खं म्हनून दाखवे. आमची बाई म्हने, काय मास्तर आहे!”

बबनरावांनी कप पुन्हा उचलला.

“अन् दोरे? ते तं त्यानं बांधले. सोता म्हनला तो.”

“त्याने बरोबर बांधले होते. ते सुटले. मी पुन्हा बांधले, अंदाजाने.”

“अंदाजानं,” बबनराव म्हणाले. मग आतून कागद आणि दौत मागवली. “लिवून द्या. जोडनी माझी, चूक माझी. एवढंच. आईचं अन् उंबरठ्याचं त्याच्यात नोका आनू, ते त्याच्याच अर्जाले चिकटन. अन् अर्ज उद्या घेऊन या. मीच त्याले बोलावू शकतो, पन नाई बोलावत. तुमी जा.”

मंगळवारी सकाळी रूपराव गिरणीमागच्या वस्तीत गेले. या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते; घर विचारत जावं लागलं. कवडू कामावर निघायच्या तयारीत होता. त्याची बायको शकुबाई हिने बाज टाकली आणि न विचारता पाण्याचा गडवा आणला. रूपराव पाणी प्यायले. त्याकडे कोणी खास पाहिलं नाही, याचं त्यांना आणखीच वाईट वाटलं.

त्यांनी सगळं सांगितलं. बबनराव सही करायला तयार आहेत, अर्ज आजच्या टपालात टाकला तर उद्या पोचेल, हेही सांगितलं. शेवटी कवडूने एकच विचारलं.

“दोऱ्याले मी दोन-दोन गाठी मारल्या होत्या. सुटले कसे?”

“पुसताना.”

“पुसताना,” कवडू म्हणाला. “रबराची केबल आहे जी ते. नवी होती. तिले काय लागलं होतं?”

रूपरावांनी गडवा खाली ठेवला. उत्तर दोघांनाही माहीत होतं. शकुबाई चुलीपुढून उठून आत गेली.

कवडूने खुंटीवरच्या सदऱ्यातून अर्ज काढला, त्याची घडी सारखी केली आणि मास्तरांच्या हातात दिला. “सही झाली का गिरनीच्या फाटकावर द्या. टपालात मीच टाकतो.” मग म्हणाला, “अन् रविवारी आता येनं नाई होनार. वाचाले बसतो.”

“पेटी दुरुस्त करायची आहे अजून.”

“आकृती तुमचीच आहे, गुरुजी. मुलाइले शिकवता तुमी.”

तो हे चिडून बोलला नव्हता. चिडला असता तर रूपरावांना बरं वाटलं असतं.

सही दहा वाजता झाली. दुपारच्या टपालाने अर्ज गेला.

पुढच्या रविवारी साडेआठला रूपराव एकटेच सेटपुढे बसले. ॲम्प्लिफायरची पेटी झाकणाविना कोपऱ्यात होती. ओट्याकडची खिडकी त्यांनी उघडी ठेवली होती. तिच्यातून रिकामा ओटा दिसत होता. त्या दिवशी हवा चांगली होती आणि दुबळा सेटही मद्रासला पोचला. राघवनांनी विचारलं, मागच्या रविवारी तुमचा मोठा आवाज येणार होता, मी पाऊण तास हाका मारल्या, काय झालं?

रूपरावांनी की दाबून अक्षर अक्षर पाठवलं, ‘जोडणी उलटी झाली. चूक माझी.’

राघवनांचं उत्तर लगेच आलं. हात सराईत असल्याने ते भरभर पाठवत. ‘मनाला लावून घेऊ नका. चाळीस वर्षांत मीही तीनदा उलटी जोडणी केली आहे. सगळ्यांकडून होतं.’

रूपरावांनी ते वहीत उतरवून घेतलं. परवान्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संभाषण वेळेसकट नोंदवावं लागे. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘१७ तारखेचा बिघाड : दोन केबलची अदलाबदल.’ पुढे कारण लिहायला जागा होती. त्यांनी टाक दौतीत बुडवला, थोडा वेळ धरून ठेवला. शाईचा एक थेंब रकान्यात पडला. तो टिपायला त्यांनी हाताशी लागलेलं फडकं उचललं, ते केबल पुसलेलंच आहे हे पाहिलं, आणि परत ठेवून दिलं.

मद्रासहून राघवन विचारत होते, ऐकू येतंय का?