जीपच्या चपला

लष्करात ड्रायव्हरकी करून आलेल्या चंपतरावांना एकच रोग होता. कुठलाही विषय निघाला, की ते राजस्थानात जाऊन पोचायचे. संत्र्याच्या बहराचं बोला, ते वाळूवर. भाजीत मीठ कमी पडलं, तरी वाळूवर. त्यामुळे लिलावात घेतलेल्या जुन्या जीपला नवे टायर घालायची वेळ आली, तेव्हा नागपुरात गणेशपेठेतल्या दुकानात ते वाळू घेऊनच शिरले.

"सातशे सोळा द्या," त्यांनी दुकानदार देवाजीला फर्मावलं. "चांगले रुंद पायजे. तिकडं आमच्या गाड्या वाळूवर तरंगत जात होत्या."

जीपचे मूळचे टायर सहाशे सोळा मापाचे, अरुंद. सातशेचा त्याहून इंचभर रुंद, शिवाय उंचही. देवाजीला काय, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. त्याने एक टायर चढवायला घेतला.

सून गोपिका तेवढ्यापुरती दुकानातल्या बाकावर बसली. तिला सातवा महिना होता. सकाळीच रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावलं होतं, "या वेळी कळा सुरू होताच निघायचं." या वेळी म्हणायला कारण होतं. परसाल पोळ्याच्या सुमारास कळा सुरू झाल्या, तेव्हा गाव आणि काटोलची सडक यांच्यामधल्या काळ्या मातीत जीप अडकून पडली. बैलगाडी मिळेपर्यंत उशीर झाला आणि मूल हाती लागलं नाही.

त्याचा अर्धा दोष चंपतरावांनी अरुंद टायरांवर टाकला होता आणि अर्धा स्वतःवर घेतला होता. गोपिका त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती. ती मनातून सासऱ्यालाच दोष देते, असं त्यांना वाटे. सीमेवर गाडी हाकणाऱ्या या माणसाला सुनेला एक प्रश्न विचारायची मात्र छाती होत नव्हती.

सातशेचं चाक पुढे चढलं. जीप एका अंगाने ऐटीत उंच झाली आणि चंपतरावांच्या मिश्याही तिच्याबरोबर वर गेल्या. गोपिका उठून जवळ आली. चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत तिने हात घालून पाहिला. बोटं जेमतेम शिरली.

"मामाजी, इथं चिखल बसला तं?"

"बसत नाई वं. गाडी वरतून जाईन."

"वाळू झटकली का पडून जाते. आपली माती पडते का? पावसाळ्यात वावरात जातो तं आपण चपला हातात घेतो. मंग गाडीले अजून मोठ्या चपला काहून घालून राहिले?"

देवाजीला हसू आवरेना. चंपतराव चिडले. "तुले गाडीतलं काय समजते?"

"त्या दिवशी मी गाडीतच होती, मामाजी." गोपिकाचा आवाज खाली आला. "चाक खोल रुतलंच नव्हतं. मडगार्डात माती ठासून भरली न् चाक फिरायचंच थांबलं. तुमी हातानं खरवडून राहिले होते. नखं फुटली, रक्त आलं, तरी थांबले नाई. मले सारं दिसत होतं. मी म्हटलं, माह्या बापानंही याच्याहून जास्त काय केलं असतं?"

चंपतरावांचे डोळे भरून आले. चार माणसांत रडायची पाळी येऊ नये म्हणून ते टायरच न्याहाळत बसले.

"मंग इतके दिवस बोलली काहून नाई?"

"तुमी वाळूच्या पुढं कोणाले बोलू कुठं देता?"

आता मात्र चंपतरावही हसले. नाक पुसत ते देवाजीला म्हणाले, "काढ गा थे. सहाशे सोळाच दे, खोल खाचांचे. चारही. जुने घासून गुळगुळीत झाले होते, म्हणून चाक जागीच फिरत गेलं न् माती भरली."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गोपिकाला कळा सुरू झाल्या. रात्रभर पाऊस लागला होता. मागच्या सीटवर गोपिका, तिला धरून चंपतरावांची बायको कौसल्या. चंपतरावांनी दांडा ओढून पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ दिली आणि बारक्या गिअरमध्ये जीप काळ्या मातीत घातली. अरुंद चाकं चिखल कापत खालच्या कडक मुरमाला जाऊन टेकली. मडगार्डाखाली माती जमायची, पण मोकळ्या जागेतून ढेकळं सुटून मागे उडायची. परसालच्या जागी इंजिन घुसमटलं. कौसल्याने देवाचं नाव घेतलं. चंपतरावांचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नका, मामाजी," मागून गोपिका ओरडली.

ते थांबले नाहीत. जीप हिसका देऊन पुढे निघाली आणि थोड्याच वेळात सडकेला लागली.

दुपारी काटोलच्या दवाखान्यात गोपिकाला मुलगी झाली. चंपतराव खाटेपाशी आले, तशी गोपिका म्हणाली, "घ्या तिले."

"हात धुऊन येतो," ते घाईने म्हणाले आणि वळले.

वळता वळता त्यांनी आपले हात पाहिले. उलटेसुलटे करून पाहिले. नखं धड होती. हातांना मातीचा कणसुद्धा लागला नव्हता.

तरी ते जाऊन साबणाने हात धुऊन आले आणि नातीला उराशी धरलं. त्या दिवशी राजस्थानाचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही.