एक्क्याचे सतरा

कमळाकरनं स्वतःसाठी छक्की उताणी टाकली, शेजारी दुसरं पान पालथं ठेवलं आणि बायकोकडं पाहिलं.

सुंदराच्या हातात दश्शी आणि पंजी होती. पंधरा. कडाव गावातल्या त्यांच्या अंगणात दुपारभर चिंचोके लावून खेळ चालला होता, पण हा डाव चिंचोक्यांचा नव्हता.

"मी जिंकले तर मंगळवारी बोटीवर जायचं नाय," ती मघाशी सगळ्यांदेखत म्हणाली होती. "खोपोलीच्या कारखान्यात जागा मिळतेय, ती धरायची."

"आन् मी जिंकलो तर?"

"तर मी तोंड उघडनार नाय."

लग्नाआधीपासून कमळाकर उतारूंच्या बोटीवर वाढपी होता. एकवीसचा हा खेळ त्यानंच तिथून गावात आणला. एकवीसच्या वर न जाता ज्याचे जास्त, तो जिंकला. पान घ्यायचं की नाही ही मर्जी खेळणाऱ्याला असते, वाटणाऱ्याला नसते, हा त्याचा पहिला धडा. सोळापर्यंत वाटणाऱ्यानं पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचंच. तरी फायदा त्याचाच; कारण खेळणारा एकवीसच्या वर गेला, म्हणजे फुटला, की जागीच बाद; मागून वाटणारा फुटला तरी खेळणाऱ्याचं गेलेलं परत येत नाही. सुंदरानं त्यातूनच वाट काढली होती. समोर छक्की दिसली की आपण फुटायची घाई करायची नाही. त्यालाच घेऊ द्यायचं.

तिनं पानं खाली ठेवली.

"मला नको."

"वैनी, पंधरावर थांबता?" धाकटा दीर नामा गुडघ्यांवर उठून बसला.

कमळाकरनं पालथं पान उलटलं. एक्का. एक धरा नाहीतर अकरा, सोयीचा तो.

"अकरा नि सहा, सतरा!" नामानं मांडीवर थाप मारली. "दादा जिंकला."

सुंदरा पानं गोळा करायला वाकली, तेवढ्यात कमळाकरचा हात गड्डीकडं गेला.

"एक्क्याचं सतरा हाय हे," तो म्हणाला. "त्याच्यावर आनखी एक घ्यावं लागतं."

"हे कवा ठरलं?" नामानं विचारलं.

"आमच्या बोटीवर असंच व्हतं."

"मघा तर तुमी..."

"गप रं."

त्यानं पान ओढलं. नव्वी. एक्का आता एकाचाच उरला, सोळा झाले. सोळाला घ्यायचंच. सुंदरा पत्त्यांकडं पाहत नव्हती. त्याची बोटं गड्डीवर रेंगाळली होती, त्यांच्याकडं ती पाहत होती. वाटताना ती कधी रेंगाळत नसत.

राणी. चित्राचे दहा, सव्वीस झाले.

"फुटला!" कुणीतरी ओरडलं. नामा डोकं धरून बसला. "जिंकलेला डाव घालवला, दादा. त्या सतरावर कोन घेतं का?"

कमळाकरनं पानं गोळा केली, गड्डी नामाच्या हातात दिली.

"आता तू वाट."

मग तो उठला आणि पलीकडं येऊन सुंदराशेजारी चटईवर बसला.