गोड हात

चार भोकांचं निळं बटण, त्यातल्या एका भोकात अजून दोऱ्याचं शेपूट लोंबतंय — कुठल्या कॉलेजातल्या पोराच्या सदऱ्याचं, कोण जाणे — आणि ते बटण धरलेली दोन इवलीशी बोटं, आणि त्या बोटांच्या मागे, मान वर करून उभी असलेली दोन वर्षांची आरुम.

"हे काय?"

सकाळपासूनचं हे कितवं 'हे काय', ते मोजणं नूनिंगने केव्हाच सोडून दिलं होतं. धुवायला आलेले कपडे तोलायचा काटा — हे काय. गिऱ्हाइकाच्या खिशातून निघालेलं सिनेमाचं भिजलेलं तिकीट — हे काय. इस्त्रीचा लाल दिवा — हे काय, आणि त्या लाल दिव्यापायी तर सकाळी सकाळी आरडाओरडा झाला होता... "बटण," ती इस्त्री न थांबवता म्हणाली. "बटण काय?" "बटण म्हणजे बटण, आरुम. जा, आजीला दाखव."

पण आजीने आधीच बघितलं होतं. पडवीत चवळीच्या शेंगा मोडत बसलेली सासू एकदम खुलली. "बघितलंस का, नूनिंग? गोड हात पुढे केला पोरीने! न सांगता! नाहीतर रोज मी आपली घसा कोरडा करतेय — गोड हात कुठाय, गोड हात कुठाय... आज बघ कशी शहाणी झालीय."

गोड हात म्हणजे उजवा. या गल्लीत, या गल्लीतच कशाला, अख्ख्या जावा बेटावर पोराला बोलता यायच्या आधी हे शिकवतात — द्यायचं गोड हाताने, घ्यायचं गोड हाताने, आणि डाव्याने काही पुढे केलंस तर घेणारा घेणारच नाही, हसत बघत राहील, तू लाजून हात बदलेपर्यंत. आणि आरुम होती जन्मापासूनची डावरी. खुळखुळा डाव्याने, चमचा डाव्याने, बाबाचं नाक डाव्याने. तिला आज अचानक शहाणपण कुठून फुटलं, असं नूनिंगच्या मनात आलं, आणि तिने इस्त्री उभी केली, आणि मग तिला तो दुसरा हात दिसला.

तो नुसता लोंबत होता. कोपरात जरासा वाकलेला, तळवा मांडीकडे, हँगरवर टांगलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा. आरुम धावत होती, वाकत होती, हसत होतीसुद्धा, पण तो हात त्या कशातच नव्हता. "तो हात दे बघू," नूनिंग म्हणाली, आणि पोरगी अख्खीच्या अख्खी मागे सरकली. नूनिंगने कोपराला नुसतं बोट लावलं मात्र, आरुम अशी किंचाळली की शेंगांची टोपली सासूच्या मांडीवरून घसरली.

"इबू, आज ही पडली होती?"

इबू म्हणजे आई. सासूला तसंच म्हणायचं असतं. "पडली कसली!" इबू शेंगा गोळा करत म्हणाली. "दहाच्या सुमाराला पायरीवरून बसकण मारली जराशी. मी म्हटलं, अगं बाई, बेडूक उडाला! तर रडायचं राहिलं बाजूला, ही खुळी रांजणामागे जाऊन बेडूकच शोधायला लागली." आणि ती हसली.

नूनिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेडूक. पोर पडलं की बेडूक उडाला. गुडघा फुटला, बेडूक उडाला. ओठातून रक्त आलं, तो बघ तो बघ, केवढा बेडूक! लागलं का म्हणून कुणी विचारणार नाही, रडायला कुणी देणार नाही — पोराची नजर दुसरीकडे नेली की झालं, लागलेलं लागलंच नाही. आणि पोरं मोठी होतात तीही तशीच, नवरा मारतो, बेडूक उडाला. भाऊ जमीन लाटतो, बेडूक उडाला. अख्खी गल्ली कशी शांत, गोड, खालच्या आवाजात बोलणारी, आणि कुणाचं हाड कुठे मोडलंय याचा कुणाला पत्ता नाही!

हाड. तिचं स्वतःचं डावं कोपर आजही पुरतं सरळ होत नाही. गिऱ्हाइकांच्या मोठ्या चादरींची घडी घालताना एक टोक नेहमी खाली राहतं, ते ती हनुवटीखाली धरते. लग्नात नटवणाऱ्या बाईने तो हात शेल्याखाली झाकून बसवलं होतं. पाच वर्षांची होती ती, गावातल्या लहानशा मशिदीच्या पायऱ्या — तीनच पायऱ्या, बसक्या — आणि ती पडली, आणि आई ओरडली, बेडूक! बेडूक उडाला! पायरीला चापट्यासुद्धा मारल्या आईने. आणि ती, मूर्ख, दोन दिवस तो बेडूक शोधत होती. सुजलेला हात पोटाशी धरून गटाराच्या कडेकडेने, केळीच्या बुंध्याशी... तिला वाटायचं, बेडूक सापडला की हात बरा होईल. दवाखान्यात कुणी नेलं नाही. तेल चोळलं. त्यानंतर वर्षानुवर्षं आई रोज संध्याकाळी तेल गरम करून त्या कोपराला चोळत बसायची, जीव ओतून, बोटं दुखेपर्यंत — हाड बसवायचं सोडून हे काय ते चोळणं!

"सिराआजीकडे नेऊ या," इबू म्हणत होती. "चांगलं चोळते ती. लहान मुलांना चोळण्यात हातखंडा आहे तिचा."

"चोळणार नाही कुणी तिला!"

शेजारी मिरच्या वाटण्याचा आवाज थांबला. नूनिंगला कळलं की आपण ओरडलो. लग्नाला चार वर्षं झाली, या घरात ती कधी ओरडली नव्हती. आणि एकदा तोंड उघडल्यावर तिने ते मिटलंही नाही. "तुमच्याजवळ होती ना ती? तुमच्याजवळ! हात मोडून आलीय पोरगी आणि तुम्ही कौतुकं सांगताय — शहाणी झाली, गोड हात पुढे करते! दुसरा हलत नाही म्हणून करतेय ती! डोळे फुटले होते का?"

वाटलं होतं, आता म्हातारी उसळेल. उसळायला हवी होती. भांडण झालं असतं, कढ बाहेर पडला असता. इबूने एक शेंग मोडली, दुसरी मोडली, मग नूनिंगकडे बघितलं — काहीतरी बोलायचं होतं का तिला? — आणि ती म्हणाली, "बरं, पोरी. दवाखान्यात जाऊ." एवढंच. या 'बरं'ने नूनिंगचा राग दुप्पट झाला. मुठी आवळून भिंतीवर धावून जावं आणि भिंतच नसावी, तसं झालं तिचं.

नवऱ्याला, दानांगला फोन केला. तो दिवसभर मोटारसायकलवरून सवाऱ्या नेतो, तीन वेळा वाजल्यावर त्याने उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलावा, तर, "इबूला ओरडली नाहीस ना तू?" तिने फोन बंद केला. धन्य तो मुलगा आणि धन्य त्याची माउली!

आरोग्य केंद्र दहा मिनिटांवर. नूनिंगने घ्यायला हात पुढे केले, तर आरुम आजीच्या झग्यामागे गेली. इबूने झोळीचं कापड खांद्यावरून घेतलं, पोरीला कमरेवर बसवून बांधलं, दुखरा हात अलगद आतल्या बाजूला घेतला, आणि निघाली. नूनिंग मागून चालत राहिली. जिच्याजवळ हात मोडला तिच्याच कमरेवर बसायचं होय ग तुला? आईजवळ नको? तिला पोरीचासुद्धा राग आला, आणि तो आला याचाही आला. रस्त्याने आरुमचं सुरूच होतं — पिंजऱ्यातला होला, हे काय. मीटबॉलची गाडी, हे काय — आणि आजीही उत्तरं देत होती, एकेक, न कंटाळता, जणू जगात दुसरं काही काम नाही.

केंद्रातल्या बाकावर गर्दी होती. एका गरोदर बाईने आरुमला बिस्कीट दिलं, आरुमने ते उजव्या हाताने घेतलं. "वा ग, गुणाची!" बाई म्हणाली. आणि नूनिंगने दात आवळले, कारण इबू लगेच सुरू झाली — सवयच, दुसरं काय, कौतुक ऐकलं की तिला राहवत नाही: "अहो, आजच शिकली. सकाळी भाजीवाली आली ना, तिने सोयाबीनचं तळलेलं तेंपे दिलं हिला, तर लगेच गोड हात पुढे! भाजीवालीपण म्हणाली, आजी, जिंकलंत हो तुम्ही..."

आणि इबू मध्येच थांबली. वाक्य अर्धवट टाकून झोळीची गाठ नीट करू लागली.

भाजीवाली साडेसातला येते. नूनिंगने पुन्हा मनात घोळवलं. भाजीवाली येते साडेसातला. पायरीवर बसकण मारली दहाला. भाजीवाली येते, मग कपड्यांचा पहिला घाणा वाळत पडतो, मग दुसरा, मग दहा वाजतात... म्हणजे साडेसातलाच तो हात — आणि साडेसातच्या आधी काय? साडेसातच्या आधी इस्त्री. लाल दिवा. हे काय? गरम आहे, आरुम, बाजूला हो. हे काय? सांगितलं ना, गरम आहे. हे काय? आठ सदरे नऊच्या आत द्यायचे होते, एकही झाला नव्हता, आणि ते इवलंसं बोट पुन्हा दिव्याकडे, हे का— आणि तिने मनगट धरलं. डावं. धरलं आणि ओढलं, नुसतं ओढलं नाही, कपड्यांच्या टोपलीवरून उचलून पलीकडे टाकलं तिने पोरीला, एका हाताने, आणि हातात काहीतरी जाणवलं होतं. अगदी बारीक. बटण तुटताना जाणवतं तेवढं. भाजण्यापासून वाचवायला ओढलं, असं ती आता म्हणू शकली असती. पण इस्त्री थंड होती. नुकतीच लावली होती, अजून तापायची होती. तिने ओढलं होतं ते रागाने.

आणि दारात इबू उभी होती, चहाचा पेला घेऊन. आरुम किंचाळली तेव्हा इबूने पेला खाली ठेवला, पोरीला उचललं, आणि म्हणाली होती... काय म्हणाली होती ती? बेडूक उडाला.

डॉक्टरीण तरुण होती, डोक्याला फिकट हिरवा रुमाल बांधलेली. तिने हात लांबूनच बघितला आणि लगेच विचारलं, "कुणी ओढलं का हात धरून? या वयाच्या मुलांचं होतं असं."

"पडली, बाई," इबू म्हणाली. नूनिंगने तोंड उघडायच्या आधी. "माझ्याजवळ होती. माझंच लक्ष नव्हतं."

"पडून असं सहसा होत नाही, आजी."

"मग उठवताना मीच ओढला असेल. म्हातारपण, कळत नाही जोर किती लागतो ते." अगदी शांतपणे, खालच्या आवाजात, जसं शेजारणीला मीठ द्यावं तसं तिने ते देऊन टाकलं, आणि नूनिंगकडे बघितलंही नाही.

कुणी सांगितलं होतं तुम्हाला? — नूनिंगच्या छातीत शब्द नुसते थडथडत होते — कुणी मागितलं होतं हे? माझं आहे ते, माझं, द्या इकडे! मी सगळ्या गल्लीसमोर तुमचे डोळे फुटले म्हणाले आणि तुम्ही शेंगा मोडत बसलात, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही 'बरं, पोरी' म्हणालात! म्हाताऱ्या बाईचा असा संताप तिला कधी आला नव्हता. म्हणायचा शब्द तर एकच होता — मी.

डॉक्टरणीने कोपर अंगठ्याखाली धरलं, मनगट फिरवलं, हात दुमडला. टक्. आरुमने हंबरडा फोडला, आणि इबू, डॉक्टरीण, दाराशी उभी असलेली परिचारिका, तिघी एका सुरात म्हणाल्या, "बेडूक उडाला!"

आरुम रडायची थांबली. टेबलाखाली वाकून बघू लागली.

"झालं. सांधा निसटला होता, बसला; पाच मिनिटांत हलवायला लागेल," डॉक्टरीण म्हणाली, आणि कागदावर लिहिता लिहिता तिची नजर नूनिंगच्या कोपरावर गेली. "तुमचाही हात... लहानपणी?"

"पडले होते," नूनिंग म्हणाली. "पायऱ्यांवरून."

इतक्या पटकन म्हणाली ती. पंचवीस वर्षं जे वाक्य तोंडात आहे ते, न विचारता, न शोधता. आणि म्हणाल्याबरोबर तिला त्या पायऱ्या दिसल्या — तीन, बसक्या, कोंबडीचं पिल्लूही पडून मोडणार नाही अशा — आणि आपण पडतोय... पण पडताना माझा हात वर आहे. एकटं पोर पडतं तेव्हा हात पुढे असतात. माझा हात वर होता, डोक्याच्या वर, ताणलेला, कुणाच्यातरी हातात. मी विचारत होते काहीतरी. बसले होते पायरीवर आणि उठत नव्हते, आणि विचारत होते, परत परत... आणि दवाखान्यात नेलं नाही, कारण दवाखान्यात विचारतात. आणि तेल. रोज संध्याकाळी, इतकी वर्षं, बोटं दुखेपर्यंत — आणि चोळताना आई कधी माझ्या तोंडाकडे बघायची नाही. कधीच नाही. मला वाटायचं, तिला तो वाकडा हात बघवत नाही.

आई अजून आहे, गावाकडे. विचारता येईल. विचारलं तर म्हणेल, अगं, तो बेडूक...

"कुठे?" आरुम टेबलाखालून म्हणत होती. "कुठे बेडूक?" आणि तिने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं — डाव्या हाताचं. इबूच्या तोंडून सवयीने निघालं, "गोड हा—"

"बेडूक नाहीये," नूनिंग म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. ती खाली बसली, फरशीवर, पोरीच्या उंचीला, आणि तिने आपला उजवा हात पुढे केला. तोच, ज्याने ओढलं होतं.

आरुमने त्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जसं ती प्रत्येक वस्तूकडे बघते, मान तिरकी करून. पण हे काय, असं तिने विचारलं नाही.