लियोटाचा कोपरा

“विल्मर, तो कोलाचे खाली ठेव. ते माझ्या कोपऱ्यातल्या माणसांसाठी आहेत.”

“अगं, मी नवरा आहे तुझा.”

“घरी आहेस. इथं तू सिनेटरचा माणूस आहेस.”

विल्मर डोलेझलनं जर्दाळूचं सारण भरलेला तो अर्धा खाल्लेला गोल पाव ताटात परत ठेवला, बायकोची नजर वळताच पुन्हा उचलला आणि व्यायामशाळेच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. बाहेर गाड्यांची दारं गोठून बसावीत अशी जानेवारीची थंडी पडली होती आणि आत, शाळेच्या व्यायामशाळेत, आम्ही साठ माणसं देशाचा अध्यक्ष ठरवायला जमलो होतो.

ठरवायला म्हणजे आपला खारीचा वाटा. खरी निवडणूक नोव्हेंबरात. पण पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरायला सुरुवात आमच्या आयोवा राज्यापासून होते, आणि ती कशी होते ते पाहून टीव्हीवाले दर चार वर्षांनी तोंडात बोटं घालतात. चिठ्ठी नाही, पेटी नाही, पडदा नाही. ज्याला जो उमेदवार पसंत, त्यानं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, गावाच्या डोळ्यांदेखत. मग डोकी मोजायची. पंधरा टक्के माणसं जमली नाहीत तर तो कोपरा मोडला. त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर दुसरीकडची माणसं फोडून आणायची. त्यासाठी अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात आमच्या हार्लो क्रीक गावात जेवढी भांडणं होतात तेवढी बाकीच्या चार वर्षांत होत नाहीत.

सभा चालवायला मी असतो. माझं गावात बियाण्याचं आणि गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. “क्लेटन, तुझा आवाज गायींनासुद्धा ऐकू जातो, तूच चालव,” असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

लियोटा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली आहेत. बोलायची म्हणाल तर “अजून घे” आणि “ताट इकडं ठेव” यापलीकडे ती चारचौघांत बोलल्याचं कुणाला आठवत नाही. मागल्या सभांना ती यायची, विल्मरशेजारी उभी राहायची आणि निघून जायची. या खेपेला मात्र तिनं स्वतःचा कोपरा मांडला होता. जज ऑल्डरीच यांचा.

या जजसाहेबांचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे उगीच आशा नको. राज्यात त्यांची पार धूळधाण झाली आणि आठवडाभरात त्यांनी गाशा गुंडाळला. पण मी जे सांगतोय ते जजसाहेबांचं नाहीच.

ऑक्टोबरात माझ्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा उमेदवारच जास्त आले. एकानं फोटोसाठी खाद्याचं पोतं खांद्यावर घेतलं आणि कंबर धरून खाली बसला. लियोटा शाळा सुटल्यावर यायची, कोटाची बटणंसुद्धा न काढता उभी राहायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची. “तुम्ही आमच्या पोरांना लढाईवर पाठवणार ते कुणाला विचारून?”

सिनेटरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते खंबीर नेतृत्वावर बराच वेळ बोलले. तरुण गव्हर्नर “फार मोलाचा प्रश्न!” म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. जज ऑल्डरीच मात्र एकटेच आले होते, स्वतःच गाडी चालवत. त्यांनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

“बाई, अध्यक्ष झालो तर सैन्य माझ्या हुकमात असेल,” ते म्हणाले. “पण लढाई पुकारायचा अधिकार मला नाही. तो काँग्रेसचा, तुम्ही निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा. घटनेत तसं लिहिलंय. त्यांच्या दारात जाऊन मला विचारावं लागेल.”

“आणि नाही विचारलंत तर?”

“तर मला खाली खेचा. तेही त्याच घटनेत लिहिलंय.”

“झालं,” लियोटा म्हणाली आणि त्यांच्या नावाची पाटी अंगणात लावायला घेऊन गेली.

तिचा धाकटा भाऊ, नाव रे, आशियातल्या त्या लढाईत मारला गेला. एकोणीस वर्षांचा होता. ती लढाई देशानं रीतसर कधी पुकारलीच नाही, हे तिला फार उशिरा कळलं, आणि ते कळल्यापासून तिच्या मनातून जाईना. म्हणून आताच्या लढाईची चिन्हं दिसू लागली तेव्हा ही अबोल बाई पोस्टाच्या दारात पाटी घेऊन एकटी उभी राहिली. पाटीवर दोनच शब्द होते: ‘आधी विचारा’.

नेमका त्याच आठवड्यात नॉरिस केटरमनचा टॉड तिकडं वाळवंटात रवाना झाला. नॉरिस आणि लियोटा एका वर्गातले, दोघांची शेतं शेजारीशेजारी. नॉरिसला वाटलं, पाटी आपल्या पोराविरुद्ध आहे. गाडी थांबवून त्यानं काच खाली केली, तिच्याकडे पाहिलं आणि काच पुन्हा वर करून निघून गेला. दर गुरुवारी डोलेझलांच्या घरी पत्त्यांचा डाव बसायचा, तो बंद पडला. वर्ष होत आलं होतं. आणि आज नॉरिस सिनेटरच्या कोपऱ्याचा म्होरक्या होता.

मी डोकी मोजली. सिनेटर तीस, गव्हर्नर अठरा, ‘अजून ठरत नाही’ म्हणणारे पाच आणि जज ऑल्डरीच सात.

“साठातले निदान नऊ हवेत,” मी ओरडलो. “लियोटा, दोन कमी पडतात. अर्धा तास आहे!”

लगेच सगळ्यांनी त्या न ठरलेल्या पाच जणांना गराडा घातला. बाजारात गाय विकायला आणल्यासारखी त्यांची ओढाताण चालली. तिघं सिनेटरकडे गेले, एक गव्हर्नरकडे. उरली चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी म्हातारी पर्ल. ती लियोटाच्या टेबलाशी उभी राहून तिसरा कोलाचे संपवत होती.

“मला राजकारणातलं काही कळत नाही,” पर्ल म्हणाली, “पण जर्दाळूतलं कळतं. मी इथंच थांबते.”

आठ झाले. हवा होता एक.

गव्हर्नरची माणसं येऊन गोड बोलू लागली. “लियोटा, तुम्ही आठही जण आमच्यात या. पुढच्या सभेला जाणाऱ्या आमच्या प्रतिनिधींत तुझं नाव घालू, मग तर झालं?”

“मी दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून राहायला आले नाही,” लियोटा म्हणाली.

मग सगळ्या गावाचं लक्ष गेलं विल्मरकडे. जायला हवंच होतं.

“अरे विल्मर, जा की!”

“नाहीतर उद्यापासून स्वतः रांध!”

विल्मरचे कान लाल झाले. भला माणूस. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मत कुणाला द्यायचं हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. त्यानं एकवार सिनेटरच्या पाटीकडे पाहिलं, एकवार बायकोकडे, आणि टोपी हातात घेऊन दोन पावलं पुढं टाकली.

“विल्मर, तिथंच थांब,” लियोटा म्हणाली.

“अगं, एकच तर हवाय!”

“तुला जजसाहेब पसंत पडलेत का?”

“नाही पडले. रडका माणूस आहे तो. पण तू—”

“मग नको. माझ्यासाठी आलास तर ते माझंच मत दोनदा मोजल्यासारखं होईल.”

खरं सांगतो, मला रागच आला तिचा. हातातोंडाशी आलेला घास ही बाई ढकलून देत होती. पण मनात कुठंतरी असंही वाटलं, की या गावात मी इतकी वर्षं सभा चालवतोय ती असलं काही पाहायलाच.

“दहा मिनिटं उरली,” मी म्हणालो. “कुणाला काही बोलायचंय?”

लियोटानं हात वर केला. ती पुढं आली, बास्केटबॉलच्या रेघेवर उभी राहिली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिनं ते कोटाच्या खिशात घातले.

“मला बोलता येत नाही,” ती म्हणाली. “पण तुम्ही मला ओळखता. आज आपण काय करतोय बघा. मी या कोपऱ्यात उभी आहे हे नॉरिसला दिसतंय. नॉरिस तिकडं आहे हे मला दिसतंय. उद्या दुकानात एकमेकांना तोंड दाखवायचंय, तरी आपण लपलो नाही. नुसता उमेदवार ठरवायचा तर आपण एवढं करतो. माझ्या रेला पाठवलं तेव्हा असं कुणीच उभं राहिलं नाही. हो, मी पाठवतो, हे बघा माझं तोंड, असं कुणी म्हटलं नाही. मला एवढंच हवंय. पोरांना पाठवायचं असेल तर पाठवणाऱ्यांनी असं कोपऱ्यात उभं राहावं. आयांना दिसेल असं.”

“हे तू टॉडवरून बोलतेयस!” नॉरिस पलीकडून गरजला. वर्षभरात तो तिच्याशी बोलला तो असा.

“हो, टॉडवरूनच,” लियोटा म्हणाली. “सहा वर्षं त्याला मी वाढलंय, नॉरिस. वाटाणे बाजूला काढून ठेवायचा. त्यानं काही वाईट केलं असं मी कधी म्हटलं? तो चांगलाच आहे. म्हणून तर म्हणते, त्याला फुकट कुणी मागू नये.”

लियोटा परत आपल्या कोपऱ्यात गेली आणि ताटावरचा कागद नीट करत बसली. मी घड्याळाकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, ते मागं सरकवावं असं वाटत होतं.

तेवढ्यात सिनेटरच्या कोपऱ्यात खुर्चीचा आवाज झाला.

नॉरिसची बायको जेनेट उठत होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता, म्हणून त्या कोपऱ्यात ती एकटीच खुर्चीवर बसली होती. आता काठी टेकत ती व्यायामशाळेच्या मधोमध निघाली.

“जेनेट,” नॉरिस हळूच म्हणाला. “कुठं चाललीस?”

“आई आहे मी त्याची,” जेनेट म्हणाली. वळून पाहिलं नाही. “मला दिसायला हवं.”

एवढीशी ती व्यायामशाळा, पण ओलांडता ओलांडेना. वाटेत तिला कुणी हात दिला नाही, आणि ते बरंच केलं. लियोटा जागची हलली नाही. हलली असती तर ओढून नेल्यासारखं झालं असतं, हे तिला कळत होतं. जेनेट तिच्याजवळ पोहोचली, तिच्या दंडाला धरून उभी राहिली, आणि मग मात्र दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हातारी पर्ल मोठ्यानं “वाहवा!” म्हणाली. विल्मरनं सिनेटरच्या कोपऱ्यातून टोपी उडवली. म्होरक्याच्या शेजारी उभं राहून टोपी उडवायची म्हणजे छाती लागते.

“मोज, क्लेटन!” लोक ओरडू लागले. “मोज लवकर!”

“वेळ संपल्याशिवाय मोजता येत नाही,” मी म्हणालो. नियम तो नियम. अजून दोन मिनिटं होती, आणि वेळ संपेल तेव्हा जो ज्या कोपऱ्यात असेल, तिथलाच तो मोजला जाणार होता. जेनेटचा गुडघा थरथरताना मला दिसत होता. खुर्ची पलीकडे राहिली होती.

नॉरिस केटरमननं ती खुर्ची उचलली. सिनेटरचा भलाथोरला बिल्ला कोटावर तसाच होता. खुर्ची घडी करून त्यानं काखेत मारली, सगळ्या गावादेखत व्यायामशाळा ओलांडली आणि जज ऑल्डरीचच्या कोपऱ्यात नेऊन उघडली. बायको बसेपर्यंत खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

“तिला दारातल्या वाऱ्यापासून दूर बसव, लियोटा,” तो म्हणाला.

“बसवते,” लियोटा म्हणाली.

मग तो पाठ ताठ ठेवून आपल्या कोपऱ्यात परत गेला आणि सिनेटरच्या पाटीखाली, होता तिथंच, जाऊन उभा राहिला.

मी गायींनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात मोजलं. नऊ भरले.